शनिवारची मोजणी

"तुमचं काय काम होतं, मॅडम?"

टेबलामागच्या तरुण साहेबानं तिसऱ्यांदा विचारलं आणि हिमानीनं तिसऱ्यांदा नुसती मान हलवली.

काय करणार! तोंड उघडायचं नाही, असं ठरलंच होतं. डोणगावहून मेहकरच्या मोजणी ऑफिसात ती चार मुलांच्या मागोमाग आली होती खरी. पण बेत मुलांचा होता, एसटीची वेळ मुलांनी विचारून ठेवली होती, साहेबांना द्यायचं पत्र मुलांनीच लिहिलं होतं. ताईनं फक्त सोबत असायचं. कोणी पडलं, हरवलं, रडलं, तरच मध्ये यायचं.

"त्या आमच्यासोबत हायेत," दहा वर्षांची महनूर मदतीला धावली. "पण त्या नाहीत असं समजा."

साहेबानं एकदा महनूरकडे पाहिलं, एकदा हिमानीकडे. "असं कसं समजू? दिसून राह्यल्या ना!"

हिमानी घाईघाईनं खिडकीबाहेर बघू लागली. बाहेर बघण्यासारखं काहीच नव्हतं – एक सायकल, एक कडुनिंब आणि डिसेंबरचं कोवळं ऊन. पण हसू आवरायला तेवढं पुरलं.

महनूरनं वही उघडली. "पहिला प्रश्न. तुम्ही जमीन दोरीनं मोजता का?"

"दोरीनं?" साहेब खुर्चीत सरसावून बसले. "पहिले साखळीनं मोजायचे. आता मशीन हाये, रोव्हर म्हणतात त्याले. आभाळातल्या उपग्रहाले विचारून सांगते. दोरीचं कोण सांगतलं तुमाले?"

मग काय, चौघांनाही एकदम बोलायचं होतं. नाईल नदीला दरवर्षी पूर यायचा आणि शेतांच्या सगळ्या खुणा वाहून जायच्या. पूर ओसरला की दोरी ताणणारे लोक यायचे आणि ज्याचं शेत त्याला पुन्हा आखून द्यायचे. त्यांच्याकडे काटकोन तपासायचा गुण्या नव्हता, पट्टी नव्हती, होती फक्त गाठी मारलेली दोरी. ही गोष्ट हिमानीताईनं गेल्या आठवड्यात सांगितली होती, आणि तेव्हापासून मुलांच्या डोक्यात एकच – आपल्याकडे ही माणसं कोण?

"ती माणसं म्हणजे मी?" साहेबांचा चेहरा असा काही उजळला, की हिमानीला खिडकी विसरून तिकडे बघावंच लागलं.

पुढच्या दहा मिनिटांत साहेब ऑफिसच्या अंगणात गुडघ्यांवर बसले होते. मुलांनी दप्तरातून दोरी काढली. बारा सारखे भाग, प्रत्येक भागाला गाठ, दोन्ही टोकं एकमेकांना बांधलेली. महनूरनं एक गाठ त्यांच्या हातात दिली. "हालू नका." एकीनं तीन भाग मोजून दोरी ताणली, दुसऱ्यानं चार, उरले पाच. आणि धुळीवर अगदी नेमका काटकोन उभा राहिला.

साहेबांनी त्या कोपऱ्यावरून बोट फिरवून पाहिलं.

"हे मी पाठ केलं होतं," ते हळूच म्हणाले. "कर्णाचा वर्ग बरोबर... परीक्षेत लिहिलं, मार्क घेतले, नोकरी लागली. पण हे असं कोणी हातात दिलं नव्हतं बुवा."

बोलता बोलता त्यांनी मान वर केली. समोर हिमानी होती. त्यांच्या शर्टाला धूळ लागलेली, कपाळावर केस आलेले, आणि डोळ्यांत शाळकरी मुलाचा आनंद... तिनं पटकन नजर काढून घेतली. पण पटकन म्हणजे, वेळेवर नव्हे.

फाटकाशी त्यांनी तिला गाठलंच. "मी सौमित्र. आता तरी बोला."

"मुलं एसटीत बसेपर्यंत नाही."

"हे तर बोललात!"

हिमानीनं जीभ चावली. आणि रस्ताभर, एसटीच्या खडखडाटात, तिच्या ओठांवरचं हसू काही जाईना.

* * *

डोणगावात त्या शाळेला सगळे 'खुली शाळा' म्हणत. खरं नाव कागदावरच होतं. निवृत्त हेडमास्तर भगवानरावांनी कापसाच्या जुन्या जिनिंगच्या शेडमध्ये ती सुरू केली, तेव्हा तिथे फक्त माँटेसरी बालवाडी होती. माँटेसरी म्हणजे लहान पोरांचे मणी आणि ठोकळे, एवढंच लोकांना ठाऊक. त्याच पद्धतीनं नऊ ते बारा वर्षांची मुलंही शिकतात, हे हिमानीनं येऊन सांगितलं तेव्हा भगवानरावांनीही चष्मा पुसला होता. बुलढाण्याची मुलगी, प्रशिक्षण घेऊन आलेली, पुण्या-मुंबईला जायचं सोडून इथे कशी, असं त्यांनी विचारलंही. "मोठी मुलं मला इथली हवीत," एवढंच ती म्हणाली.

तिच्या वर्गात बाकं नव्हती आणि घंटाही नव्हती. चौथीतली, पाचवीतली, सहावीतली मुलं आपापल्या चटया टाकून एकत्रच बसायची. कोणी रंगीत चौकटींच्या पटावर मणी मांडून सहा आकडी गुणाकार करतंय, कोणी पृथ्वीच्या जन्मापासूनची लांबच लांब पट्टी उलगडतंय, कोणी मुंग्यांवर वही भरतंय. आणि वर्गात उत्तर मिळालं नाही, की चार जणांनी मिळून बाहेर जायचं, जिथे ते मिळेल तिथे. मोजणी ऑफिसची वारी अशीच निघाली होती.

त्यानंतरच्या शनिवारी मात्र उत्तरच शाळेत आलं. मोटरसायकलवर, मागे जुनी लोखंडी साखळी बांधून.

"आज ऑफिसला सुट्टी," सौमित्र म्हणाला. "पोरायनं पत्रात लिहिलं होतं, शाळेमागचा तुकडा मोजायचा हाये. म्हणून आलो." मग घसा खाकरून, "सरकारी काम नाही हे. आपलं... असंच."

शाळेमागच्या पडीक जमिनीच्या एका बाजूनं नाला वळत गेला होता. ना चौकोन, ना त्रिकोण. मुलं नाल्याच्या काठावर उभी राहून डोकं खाजवत होती.

"हे बघा, सोपं हाये. याचे तुम्ही त्रि–"

"साहेब!" हिमानी म्हणाली.

"काय झालं?"

"सांगू नका."

"अहो, पण त्यायले येत नाही ना!"

"म्हणूनच सांगू नका. आत्ता येईल. तुम्ही सांगितलंत तर ते तुमचं उत्तर होईल, त्यांचं नाही."

सौमित्र गप्प बसला. गप्प बसणं त्याला किती जड जात होतं, हे त्याच्या मिटलेल्या मुठींवरून दिसत होतं. वीस मिनिटं गेली. पंचवीस. आणि मग सहावीतली एक मुलगी काडीनं मातीत रेघ ओढता ओढता ओरडली, "अरे, याचे त्रिकोणच त्रिकोण करा ना बे!"

सौमित्रनं हिमानीकडे पाहिलं. ती नुसती भुवया उंचावून उभी होती.

"बरं मॅडम. हरलो."

"एक उत्तर अर्धवट फुटलंय तुमच्याकडून. त्याची शिक्षा म्हणून चहाचे कप विसळायचे."

"किती?"

"एकोणीस."

त्यानं बाह्या वर केल्या आणि खरोखर एकोणीस कप विसळले. भगवानराव दारातून बघत होते. "हिमानी, हे साहेब पुढच्या शनिवारी येणार आहेत का?" त्यांनी गंभीरपणे विचारलं. "कप फार स्वच्छ निघालेत."

तो पुढच्या शनिवारी आला. आणि त्याच्या पुढच्याही.

मुलं साखळी ओढायला शिकली, नकाशाचं प्रमाण वाचायला शिकली. सौमित्र गप्प बसायला शिकला. तहसीलच्या गावात पाच वर्षं काढूनही त्याच्या बोलण्यातून त्याचं मूळ गाव, वरवट बकाल, गेलं नव्हतं. हिमानी आपली शुद्ध बोलायची. पण एकदा माकडांनी पेरूच्या झाडाची दैना केली, तेव्हा तिच्या तोंडून फाडफाड जी वऱ्हाडी निघाली ती ऐकून तो पोट धरून हसला.

"तुम्ही तर आमच्यातल्याच निघाल्या! एवढे दिवस लपवून काऊन ठेवलं?"

"मी काही लपवलं नाही."

"अजून काय काय लपवलंय?"

प्रश्न साधाच होता. पण विचारताना त्याचा आवाज जरा खाली आला... आणि हिमानीला हातातल्या कपातला चहा एकाएकी फार महत्त्वाचा वाटू लागला.

संक्रांतीच्या सुमाराला मुलांनी शेतात ओला हरभरा भाजला. सगळ्यांची तोंडं, बोटं काळी. सौमित्रनं सोललेले दाणे तिच्या ओंजळीत टाकले, एक-एक करून, जणू मोजून. "तुमच्या गालावर काजळी लागलीय," तो म्हणाला. "कुठे?" तिनं विचारलं. त्यानं बोट उचललं, ते तिच्या गालापासून चार बोटांवर थांबलं... आणि मग त्यानं स्वतःच्याच गालाला लावून दाखवलं. "इथं."

तिनं पुसलं. काजळी गेली. पण ते न टेकलेलं बोट दिवसभर तिथेच राहिलं.

* * *

शाळेमागचा तुकडा मोजून झाल्यावर महनूरला आपलं घरचं शेत मोजायचं होतं.

तिचे अब्बू, गफ्फारभाई, बी-बियाण्यांचं दुकान चालवत आणि गावाबाहेरची तीन एकरही बघत. शेजारचं शेत त्यांच्या चुलतभावाचं, जाकीरचं. दोघांच्या मधला धुरा, तो बांध, म्हणजे बारा वर्षांचं दुखणं. जाकीरनं धुरा सरकवून आपली जमीन दाबली, असं गफ्फारभाई म्हणत. जाकीरभाई नेमकं उलट म्हणत. ईदेलाही दोन घरांत शिरखुर्मा जात-येत नव्हता. शेवटी गफ्फारभाईंनीच सरकारी मोजणीचा अर्ज केला होता.

महनूरला भांडणाशी घेणं नव्हतं. तिला त्रिकोण करायचे होते. दोन मैत्रिणींना घेऊन तिनं तीन दिवस शेत मोजलं, नकाशाशी ताडून पाहिलं आणि वही घेऊन हिमानीकडे आली. चेहरा उतरलेला.

"ताई, खालच्या बाजूनं आमचंच दहा फूट जास्त भरून राह्यलं. जाकीरचाचाचं कमी हाये."

हिमानीनं वही हातात घेतली. "पुन्हा मोजून पाहिलंस?"

"तीन डाव."

काय सांगावं या मुलीला? वही मिटून ठेव म्हणावं? हिमानीनं तिच्या डोक्यावर हात ठेवला. "मग जे आलं ते आलं. अब्बूंना सांगायचं की नाही, ते तू ठरव."

महनूरनं ठरवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी गफ्फारभाई शाळेच्या दारात उभे होते. आवाज चढलेला नव्हता, हेच जास्त वाईट होतं.

"मॅडम, मी पोरीले शिकाले पाठवलं होतं. बापाले चोर ठरवाले नाही. उद्यापासून ती येणार नाही." जाता जाता ते वळले. "अन् तो मोजणीवाला साहेब दर शनिवारी इथं चहा पेते ना? आता माह्या शेतात तोच येईन. मोजणी कशी होईन, ते मले आजच समजून राह्यलं."

महनूरची चटई दुसऱ्या दिवशी रिकामी राहिली. आठवडाभरात आणखी दोन चटया रिकाम्या झाल्या. स्कॉलरशिपची परीक्षा, गृहपाठ, टक्के... पालकांच्या मनात जे आधीपासून होतं, त्याला आता वाट मिळाली. भगवानरावांनी हिमानीला समोर बसवलं.

"बेटा, मार्चपर्यंत बघू. नाही जमलं तर वरचा वर्ग बंद करून साधी पाचवी सुरू करावी लागेल. बाकं, पुस्तकं, सगळं. मला ते आवडतंय असं नाही."

हिमानीच्या पर्समध्ये एक पत्र होतं. पुण्याच्या एका मोठ्या माँटेसरी शाळेचं – वरच्या वर्गासाठी या, जूनपासून. फेब्रुवारीअखेर कळवा. आई वासंतीचा रोज फोन येत होता, "काय ठरवलंस?" आणि हिमानीच्या डोक्यात भलताच प्रश्न फिरत होता – त्या पोरीला मी थांबवायला हवं होतं का?

गुरुवारी, ऊन कलताना, मोटरसायकलचा आवाज आला. शनिवार नसताना.

सौमित्र पायरीवर बसला नाही. उभाच राहिला.

"मी आता काही दिवस येणार नाही," तो म्हणाला. "गफ्फारभाईंच्या मोजणीतून माझं नाव काढा, असं मी मोठ्या साहेबांना लिहून दिलंय. सुचिता मॅडम येतील. नवीन आहेत, इथलं कोणी ओळखत नाहीत. तोवर मी इथं दिसलो, तर महनूरचं बरोबर आलं तरी लोक म्हणतील, साहेबानं करून दिलं. तिची मेहनत वाया जाईल. अन् तुमचं नाव..." त्यानं वाक्य सोडून दिलं.

पटण्यासारखं होतं. पटलंही. तरी तिनं मनात येणारे शनिवार मोजलेच.

"भगवानराव सर म्हणत होते, पुण्याहून पत्र आलंय," तोच पुढे म्हणाला.

"हो."

"चांगली शाळा आहे?"

"फार चांगली. मोठं ग्रंथालय, सगळं साहित्य. रोज कोणाला समजावत बसावं लागणार नाही."

पेरूच्या झाडावर एक बुलबुल ओरडला आणि गप्प झाला. हिमानीनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

"तुम्हाला काय वाटतं?" तिनं विचारलं. "जावं मी?"

सौमित्रनं उत्तर द्यायला तोंड उघडलं. तिला ते दिसलं, अगदी स्पष्ट दिसलं. मग त्यानं ओठ मिटले. मुठीही मिटल्या, त्या पहिल्या शनिवारी नाल्याकाठी मिटल्या होत्या तशा.

"मी सांगणार नाही," तो म्हणाला. "सांगितलं तर ते माझं उत्तर होईल. तुमचं नाही."

मोटरसायकल वळणावर दिसेनाशी झाली, तेव्हा कुठे हिमानीला शब्द सुचले. "अहो, ते मुलांसाठी होतं!" ती रिकाम्या रस्त्याला म्हणाली. "मोठ्या माणसांसाठी नाही!"

* * *

मोजणीच्या दिवशी धुऱ्यावर अर्धं डोणगाव जमलं होतं. गफ्फारभाई एका बाजूला, जाकीरभाई दुसऱ्या बाजूला, मध्ये तूर कापल्यावरची टोकदार खुंटं. भगवानरावांसोबत हिमानी लांब बाभळीखाली उभी राहिली. महनूर आपल्या अब्बूंच्या मागे होती. तिनं ताईकडे पाहिलं, पण हसली नाही.

सुचिता मॅडम टोपी घालून, यंत्राचा खांब घेऊन कोपऱ्या-कोपऱ्यावर फिरल्या. नकाशा पाहिला, आकडे लिहिले, पुन्हा एकदा खालच्या बाजूला जाऊन आल्या. दोन्ही भावांच्या सह्या घेण्याआधी त्यांनी मोठ्यानं वाचून दाखवलं.

"वरची बाजू बरोबर आहे. खालच्या बाजूला तुमचं शेत, गफ्फारभाई, साडेनऊ फूट आत गेलंय. जाकीरभाईंच्या."

जाकीरभाईंनी डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली. बारा वर्षं ज्या क्षणाची वाट पाहिली तो आला, तर त्यांना कुठे बघावं तेच कळेना.

गफ्फारभाई धुऱ्यावरच बसले. बराच वेळ माती बोटांनी चुरत राहिले. त्यांच्या वडिलांच्या काळापासून नांगर त्या टोकाला जरासा तिरपा वळत आला होता, दर वर्षी तीन-चार बोटं, कोणाच्या ध्यानीमनी नसताना.

"तू कितीक सांगतलं होतं?" त्यांनी मागे न बघता विचारलं.

"दहा," महनूर पुटपुटली.

"सरकारच्या मशीननं साडेनऊ सांगतलं. तुह्यं अर्धा फूट काऊन चुकलं?"

"दोरी ढिली धरली असंन आम्ही, अब्बू. आता साखळीनं मोजतो."

गफ्फारभाईंचे खांदे हलले. रडतायत की काय, असं हिमानीला वाटलं. पण ते हसत होते. डोळे पुसत, मान हलवत हसत होते. त्यांनी मुलीला जवळ ओढून घेतलं. "मशीनपाशी गेली पोरगी माही! नुसत्या दोरीनं!" मग उठून ते जाकीरभाईंसमोर गेले. "घे रे भाऊ, तुह्या जमिनीच्या काकरा. पेरणीच्या आधी धुरा मी सरकवतो. माह्या हातानं."

जाकीरभाईंनी त्यांचा हात धरला. धरूनच ठेवला.

मग गफ्फारभाई बाभळीखाली आले. "मॅडम, सोमवारी पोरगी शाळेत येईन. अन् चहाचं जे बोललो... लय खराब बोललो. माफ करा."

सोमवारी महनूर आली. दुसऱ्या दोन मुलांपैकी एक आलं, एक मेहकरच्या इंग्रजी शाळेत गेलं ते गेलंच. पालकांच्या बैठकीत गफ्फारभाई उभे राहिले आणि त्यांनी धुऱ्याची सगळी हकिगत सांगितली, स्वतःची चूक जराही कमी न करता. त्यानंतर टक्क्यांचा विषय फारसा कोणी काढला नाही. भगवानरावांनी ठरवलं, वरचा वर्ग आहे तसाच राहील; ज्यांना स्कॉलरशिपला बसायचंय ते बसतील, त्यांची तयारी हिमानी आपल्या पद्धतीनं करून घेईल.

त्या संध्याकाळी हिमानीनं पुण्याला नकार कळवला.

शनिवार आला. सौमित्र आला नाही. तिनं गेटकडे न बघण्याचा सराव केला आणि दिवसभर गेटकडेच बघितलं. पुढचा शनिवारही तसाच गेला. वाट बघणं, मध्ये न पडणं, समोरच्याला वेळ देणं... एवढी वर्षं ती हेच शिकली होती, हेच तिनं शिकवलं होतं. पण मंगळवारी सकाळी वेणी घालता घालता ती आरशात स्वतःला म्हणाली, "हे काही काम करत बसलेलं मूल नाही, हिमानी. हा माणूस आहे." आणि अर्ध्या दिवसाची रजा टाकून तिनं मेहकरची एसटी धरली.

ऑफिसात कळलं, साहेब फील्डवर गेलेत, चार कोसावरच्या गावी. तिनं ऑटो केला. वाटेत माळावर पळस पेटल्यासारखे फुलले होते, गहू पिवळा पडत आला होता. ऑटोवाल्यानं एका शेताच्या तोंडाशी सोडलं.

सौमित्र शेताच्या कोपऱ्यावर उभा होता. दोन्ही हातांनी यंत्राचा खांब सरळ धरून, नजर तो कलतोय का ते दाखवणाऱ्या बुडबुड्यावर. जरा अंतरावर शेताची मालकीण झुंबरबाई, साठीची, डोक्यावर पदर, हातात विळा, प्रत्येक हालचालीवर लक्ष ठेवून होती.

पावलं ऐकून त्यानं मान वर केली. आणि बुडबुडा पार कडेला गेला.

"साहेब, खांब हालला!" झुंबरबाई ओरडली.

"तुम्ही... इथं?"

"हलू नका," हिमानी म्हणाली. "तुमचं काम चालू राहू द्या. मला फक्त बोलायचंय. मी पुण्याला नाही म्हणून कळवलं."

खांब पुन्हा हलला. "कधी?"

"दोन शनिवार झाले. तुम्ही आला असतात तर कळलं असतं. का नाही आलात?"

"आलो असतो तर 'जाऊ नका' असं तोंडातून निघून गेलं असतं," सौमित्र खांबाकडे बघत म्हणाला. कान लाल झाले होते. "तुम्ही अजून ठरवत असाल, असं वाटलं. मध्ये बोलू नये म्हणून..."

"ऐका. पुण्याला नाही म्हटलं ते तुमच्यामुळे नाही. माझा वर्ग इथे आहे, म्हणून. ते उत्तर माझं मी काढलं." तिनं श्वास घेतला. इथवर सगळं एसटीत घोकून आणलेलं होतं. पुढचं नव्हतं. "पण आज इथे आले ती तुमच्यासाठी आले. शनिवारी तुम्ही नसता तेव्हा... मला काही सुचत नाही. कामात लक्ष लागत नाही. मुलं विचारतात, ताई, बरं नाही का? आणि मला त्यांना खरं सांगता येत नाही. म्हणून म्हटलं, आधी तुम्हाला तरी सांगावं."

वारा पडला होता. गव्हाच्या ओंब्यासुद्धा हलत नव्हत्या. खांबावरचा बुडबुडा मात्र एका जागी थांबायचं नाव घेत नव्हता.

"हिमानी," सौमित्र म्हणाला. पहिल्यांदाच, मॅडम न लावता. "मले बोलता येत नाही जास्त. पण आईले मी जानेवारीतच सांगतलं आहे. वरवटले फोन करून. ती म्हणे, पोरगी काय म्हणते? मी म्हटलं, तिले अजून विचारलंच नाही. तर तिनं मले अशा शिव्या घातल्या..."

हिमानी हसली. डोळ्यांत पाणी कधी आलं, तिला कळलं नाही. "मग विचारा ना आता!"

"माह्यासंग लग्न करशील?"

"हो," ती म्हणाली. आणि पुन्हा एकदा, नीट ऐकू जावं म्हणून, "हो."

झुंबरबाईनं विळा बांधावर टोचला. पदर सावरत ती पुढे आली, सौमित्रच्या हातातून खांब काढून घेतला आणि बाभळीला टेकवून ठेवला.

"तुमच्यानं आता काही सरळ उभं राहून नाही राह्यलं, साहेब," ती म्हणाली. "बसा दोघं सावलीत. भाकर हाये, मिरचीचा ठेचा हाये. माही जमीन कुठी पळून जात नाही."

त्या दिवशीची मोजणी चांगली दोन तास उशिरा सुरू झाली, आणि झुंबरबाईनं त्याबद्दल कुठेच तक्रार केली नाही.